ठेला उठवायचा ठराव झाला म्हणतात? छोट्या धंदेवाल्यानं काय करायचं, क्रमाक्रमानं

तालुक्याच्या गावात अशी बातमी कागदावर येत नाही, पानठेल्यावर येते. "बसस्टँडपुढचे सारे ठेले उचलून राहिले म्हणे!" एवढं कानावर पडलं की निम्मे लोक नगरसेवकाच्या घरी पळतात, उरलेले रात्रीतून ठेला हलवून ठेवतात. दोन्हींनी हाती काही लागत नाही. मी स्वतः पोहे-चहाचा ठेला चालवतो. गुजरीतल्या भाजीवाल्या बायांपासून मोबाइल दुरुस्तीच्या खोक्यापर्यंत शेजारच्या बऱ्याच जणांचे अर्ज मी लिहून दिले आहेत. ज्याच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

एक आधीच सांगतो. नगरपंचायतीनं नियम करणं हा अन्याय नाही. रस्ता तुंबतो, रुग्णवाहिका अडते, मटणाच्या दुकानाचं पाणी नालीत जातं, नियम लागतातच. प्रश्न एवढाच असतो की नियम लेखी आहे का, सर्वांना सारखा आहे का आणि तो करणाऱ्याला तसा अधिकार आहे का.

1. तुमचं गाव कोणत्या कायद्यात बसतं ते बघा

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग चुकीच्या कार्यालयाचे उंबरठे झिजवतात.

विदर्भातली बरीच तालुक्याची गावं 2015च्या सुमारास ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. सेलू, समुद्रपूर, मारेगाव, राळेगाव, सावली, पोंभुर्णा, कुरखेडा, लाखनी, देवरी, तिवसा ही त्यातलीच. लोकांच्या तोंडी अजून "सरपंचाले सांगू" असतं, पण कारभार 1965च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमानं चालतो. नगरपंचायतीत 17 नगरसेवक असतात आणि अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याच्या हातात असते. मुदत संपून निवडणूक झालेली नसेल, तर प्रशासक बसतो आणि सभेचे अधिकार तोच वापरतो. तेव्हा नगरसेवकाच्या शब्दाला कागदावर काही किंमत नसते.

गाव नगरपरिषद किंवा नगरपंचायत असेल, तर रस्त्यावर विकणाऱ्याला 2014च्या पथविक्रेता अधिनियमाचं संरक्षण आहे. ग्रामपंचायतीच्या गावाला हा कायदा सहसा लावता येत नाही. तिथं ग्रामसभा, मासिक सभेचा ठराव आणि गटविकास अधिकारी ही वाट. मेळघाट किंवा गडचिरोलीतल्या पेसा गावात (आदिवासी भागासाठीचा पेसा कायदा लागू असलेल्या) तर गावबाजाराचं व्यवस्थापन हा ग्रामसभेचा विषय आहे. तिथं सचिव एकटा बाजार हलवू शकत नाही.

2. ठरावाची नक्कल काढा

"ठराव झाला" या तोंडी बातमीवर एक पाऊलही उचलू नका. पुष्कळदा ठराव झालेलाच नसतो. विषय पटलावर आलेला असतो, चर्चा झालेली असते आणि निर्णय पुढच्या सभेवर ढकललेला असतो. कधी ठराव होतो, पण तो "वाहतूक सुरळीत करणेबाबत" असतो, ठेल्यांचा त्यात उल्लेखही नसतो. मग कुणा कर्मचाऱ्यानं त्याचा अर्थ स्वतःच लावून घेतलेला असतो.

ठराव वाचायला अवघड नसतो. वर सभेची तारीख, मग विषय क्रमांक, विषय, चर्चेचा सारांश, ठराव क्रमांक आणि शेवटी सूचक, अनुमोदक अशी दोन नावं. खाली "सर्वानुमते मंजूर" किंवा मतांची संख्या. आपण चार गोष्टी बघायच्या: जागेचं नेमकं वर्णन आहे का, कारण दिलं आहे का, पर्यायी जागेचा उल्लेख आहे का, आणि हा विषय विषयपत्रिकेवर आधीपासून होता की "ऐनवेळचे विषय" या नावाखाली आत घुसवला. धंद्यावर टाच आणणारा विषय ऐनवेळी आलेला दिसला, तर ते पान जपून ठेवा. पुढं जिल्हाधिकाऱ्यांसमोर तो मोठा मुद्दा होतो.

नक्कल मिळवायची सरळ वाट म्हणजे मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज. "साहेब दौऱ्यावर हायेत, सोमवारी या" असं दोनदा ऐकलं की माहितीचा अधिकार लावा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज जन माहिती अधिकाऱ्याला द्यायचा. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही. मजकूर असा:

"दि. ... रोजीच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, ठराव क्र. ... ची साक्षांकित प्रत व त्या विषयावरील इतिवृत्ताची पाने मिळावीत."

आपल्या राज्यात या अर्जाला एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. लोक त्यात अख्खी कहाणी लिहितात, "आमच्यावर अन्याय का झाला?" असा प्रश्न विचारतात आणि अर्ज निकाली निघतो. "का" विचारू नका, कागद मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, वीस रुपयांचं तिकीट लावून. तिथंही काम झालं नाही तर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. नागपूर आणि अमरावती अशी दोन खंडपीठं आपल्या भागात आहेत.

सभा ऐकायला नागरिकाला बसता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. एखादा विषय बंद दाराआड घ्यायचा पीठासीनानं ठरवला तर गोष्ट वेगळी. मागच्या बाकावर वही घेऊन चार धंदेवाले शांत बसले, तरी चर्चेचा सूर बदललेला मी पाहिला आहे.

3. जागा कोणाची?

आपल्या भागात सर्वांत जास्त घोळ इथंच होतो, म्हणून जरा सविस्तर.

तुमचा ठेला ज्या जागेवर उभा आहे ती नगरपंचायतीचीच असेल असं नाही. मुख्य रस्त्याची कड सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा राष्ट्रीय महामार्गाची असू शकते. बसस्टँडच्या आवाराची भिंत एसटीची. रेल्वे स्टेशनच्या आवारात पथविक्रेता कायदा लागूच होत नाही; रेल्वेची जमीन त्यातून वगळली आहे. गावठाणाच्या जुन्या भागात नझूल, म्हणजे वस्तीतली सरकारी जमीन निघते. पश्चिम विदर्भात, म्हणजे वऱ्हाडात, ई-क्लास निघते, ती सरकारी गायरानाची. नझूल असेल तर आखीव पत्रिका (त्या जागेचा उतारा) भूमी अभिलेखाच्या तालुका कार्यालयातून काढायची. बाकी जागेचा सातबारा ऑनलाइन किंवा तलाठ्याकडून. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण तलाठी म्हटलं तरी कोणी हाकलत नाही.)

नोटीस कोणी काढली आहे ते या कागदाशी जुळवून बघा. जागा बांधकाम विभागाची आणि नोटीस नगरपंचायतीची असेल, तर "कोणत्या अधिकारानं?" हा प्रश्न लेखी विचारायचा. उलटही लक्षात ठेवा: नगरसेवकानं "बिनधास्त बस" म्हटलं, पण जागा महामार्गाची असली, तर त्याचं अभय कामाचं नाही.

बाजार दुसरीकडं हलवायचा प्रस्ताव असेल तर नव्या जागेचाही सातबारा काढाच. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशा मोकळ्या जागेची नोंद पुष्कळदा "झुडपी जंगल" निघते. सर्वोच्च न्यायालयानं 22 मे 2025च्या निकालात झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचं सांगितलं आहे. तिथं ओटे बांधायचे तर 1980च्या वन कायद्याखाली मंजुरी लागणार. म्हणजे जुनी जागा आज जाते आणि नवी कधी मिळेल याचा पत्ता नाही. असा सातबारा हरकतीला जोडला की चर्चा लगेच जमिनीवर येते.

4. फाइल बनवा

प्लॅस्टिकची एक फाइल घ्या आणि ती घरी ठेवा, ठेल्यावर नको. ठेला उचलला गेला की फाइलही त्याच्यासोबत जाते.

रस्त्यावर विकत असाल तर हे कागद:

- आधार, राशन कार्ड, पत्त्याचा पुरावा
- पथविक्रेता सर्वेक्षणाची पावती, विक्री प्रमाणपत्र किंवा नगरपंचायतीचं शिफारसपत्र
- बाजार वसुलीच्या जुन्या पावत्या, जितक्या जुन्या तितक्या चांगल्या
- खाण्याचं विकत असाल तर अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र
- पीएम स्वनिधी या केंद्राच्या पथविक्रेता योजनेचं कर्ज घेतलं असेल तर बँकेचे कागद
- ठेल्याचे फोटो, मागं ओळखीची खूण दिसेल असे

पक्कं दुकान असेल तर मालमत्ता कराची पावती, भाडेकरार किंवा गाळ्याचा करार, वीजबिल आणि गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद. 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कमी नोकरमाणसांच्या दुकानाला पूर्वीसारखी नोंदणी लागत नाही, कामगार विभागाला ऑनलाइन माहिती दिल्याची पोच पुरते. "गुमास्ता नाही, दोन हजार द्या" म्हणणारा कोणी आला तर ही पोच दाखवा.

स्वनिधीबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. 2020 साली योजना आली तेव्हा पहिला हप्ता 10 हजारांचा होता, 2025च्या बदलानंतर 15 हजारांचा झाला. कर्ज मिळालं म्हणजे जागा आपली झाली असं लोक समजतात. तसं नाही. ते कर्ज तुम्ही पथविक्रेते असल्याचा चांगला पुरावा आहे, जागेचा हक्क मात्र विक्री प्रमाणपत्रानं मिळतो. आणि ते प्रमाणपत्र भाड्यानं देता येत नाही. स्वतः किंवा घरच्यांनीच धंदा करायचा असतो. धारक वारला किंवा कायमचा अपंग झाला तर जोडीदाराला किंवा अवलंबून असलेल्या अपत्याला ते पुढं चालवता येतं. गावात दोन-तीन ठेले घेऊन ते रोजानं लावणारे महाभाग असतात. त्यांच्यासोबत सामाईक अर्जावर सही करू नका, तुमचंही प्रकरण पातळ होतं.

5. ठराव कायद्याला धरून आहे का ते तपासा

नगर पथविक्रेता समिती आहे का, ते आधी विचारा. या समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या असाव्या लागतात आणि त्यातल्या एक तृतीयांश बायांच्या. लहान गावांत समिती एक तर कागदावर असते किंवा तिची बैठक कधी झालेली कोणाला आठवत नाही. माहिती अधिकारात तिचं शेवटचं इतिवृत्त मागा.

कायद्यातली ही कलमं पाठ असू द्या:

सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. सर्वेक्षण आणि आराखडा झाल्याशिवाय "ना-विक्री क्षेत्र" जाहीर करता येत नाही. नुसती गर्दी होते, एवढ्या कारणावर एखादी जागा ना-विक्री ठरवता येत नाही. घाणीचं कारण सांगायचं तर ती घाण फक्त विक्रेत्यांमुळेच होते हे दाखवावं लागतं. हलवायचंच असेल तर 30 दिवसांची नोटीस. आणि पन्नास वर्षांहून जुना, आपोआप वाढलेला बाजार असेल, तर तो वारसा बाजार म्हणून जाहीर करून तिथल्या विक्रेत्यांना न हलवण्याचं तत्त्व कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. विदर्भातले कितीतरी आठवडी बाजार याहून जुने आहेत. पुराव्यासाठी नगरपंचायतीच्या जुन्या बाजार लिलावाच्या फाइली आणि त्याआधीचं ग्रामपंचायतीचं दप्तर मागवा.

मग दुजाभावाची तपासणी. एका रांगेतले सगळे ठेले हलवले आणि मधला एकच राहिला, तर तो कोणाचा आहे हे गावाला विचारायची गरज नसते. पण अर्जात नाव घेऊन आरोप करू नका. "अमुक खांबापासून अमुक खांबापर्यंत इतके ठेले, पैकी इतक्यांना नोटीस, इतक्यांना नाही" असा तक्ता द्या, फोटो जोडा. तक्त्याला उत्तर द्यावं लागतं, आरोप मात्र सहज झटकता येतो.

पक्क्या दुकानदाराचंही ऐका. तो कर भरतो, गाळ्याचं भाडं भरतो आणि त्याच्याच दारासमोर तोच माल विकणारा हातठेला उभा राहतो. त्याची तक्रार खोटी नसते. बहुतेक ठराव अशाच तक्रारीतून जन्मतात. आमच्याकडे दुकानाच्या दारासमोरची जागा सोडून बाजूला उभं राहायचं आणि दुकान उघडायच्या आत पोह्याचा धंदा आटपायचा, असं आपसात ठरलं. तेवढ्यावर तक्रार मागं घेतली गेली. हरकत लिहिण्याआधी समोरच्या दुकानदाराशी चहा घेऊन बोला.

6. हरकत लिहा आणि पोच घ्या

हरकतीचा अर्ज एका पानाचा ठेवा. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगर प्रशासन शाखेला. विषयात ठराव क्रमांक आणि तारीख. मग तुमचं नाव, जागा, किती काळापासून धंदा, जोडलेले कागद, वरच्यापैकी लागू पडणारे मुद्दे आणि शेवटी मागणी. मागणी स्पष्ट हवी: ठरावाला स्थगिती, सर्वेक्षण, पर्यायी जागा किंवा वेळेची मर्यादा, यापैकी नेमकं काय पाहिजे ते. "योग्य तो न्याय मिळावा" ही मागणी नाही.

नोटिशीत हरकतीची मुदत दिलेली असेल तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्या दिवशी आवक-जावकचा बाबू हमखास रजेवर असतो.

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का, हे चारही घ्या. नुसत्या सहीला पुढं कोणी ओळखत नाही. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर तिथंच भांडत बसू नका. सरळ डाकघरात जाऊन पोचपावतीसह पाठवा. 1 सप्टेंबर 2025पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्ट, नोंदणी आणि पोचपावतीसह, असं सांगा.

सामाईक अर्ज दिला तरी प्रत्येकानं स्वतःचा वेगळा अर्जही द्यावा. पुढाऱ्याच्या एका अर्जावर पन्नास सह्या असतात, मग पुढाऱ्याचं काम झालं की अर्जही थंड होतो.

7. माल उचललाच तर

अतिक्रमण पथक सकाळी येतं, बहुतेक वेळा पोलीस सोबत घेऊन. हात उगारू नका, रस्त्यावर झोपू नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागला की ठेला राहतो बाजूला आणि जामिनाच्या मागं लागावं लागतं. घरच्या कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा, पण अंतर ठेवून.

तुमचं काम एकच: यादी. जप्त मालाची यादी करून सहीनिशी तिची प्रत तुम्हाला देणं कायद्यानं बंधनकारक आहे. ही यादी कशी लिहितात ते बघण्यासारखं असतं. "लोखंडी ठेला 1 नग व इतर साहित्य." या "इतर साहित्य"मध्ये तुमची शेगडी, गॅसचं सिलिंडर, पितळी गंज (पातेलं), वजनकाटा, आलूबोंड्याची कढई, सगळं गडप होतं. परत घ्यायला जाल तेव्हा ठेला मिळतो, सिलिंडर मिळत नाही आणि यादीत नाही म्हणून भांडताही येत नाही. एकेक वस्तू बोलून लिहून घ्या. लिहीत नसतील तर यादीवर सही करताना खाली स्वतःच्या हातानं लिहा: "यात शेगडी, सिलिंडर, काटा नमूद नाही." मोकळ्या कागदावर सही तर कधीच नाही.

माल सोडवायला लगेच लेखी मागणी करा. भाजी, दूध, फळं असा नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी परत द्यावा लागतो, बाकीचा माल कामाच्या दोन दिवसांत, ठरलेली फी भरून. पथविक्रेता कायद्यात दंडाची कमाल मर्यादा 2,000 रुपये आहे. जी रक्कम भराल तिची पावती घ्या; पावती देत नाहीत तो दंड नव्हे.

8. बाजाराची चिठ्ठी

आठवडी बाजाराची वसुली नगरपंचायत बहुधा लिलावानं ठेकेदाराला देते. दर ठरवते नगरपंचायत, ठेकेदार नाही. मंजूर दरपत्रक माहिती अधिकारात काढून बाजारात फलकावर लावायची मागणी करा. चिठ्ठीवर छापील अनुक्रमांक, रक्कम आणि तारीख बघा. कोऱ्या गुलाबी कागदावर पेनानं "20" लिहून दिलेली चिठ्ठी ही चिठ्ठी नाही. जादा वसुली होत असेल तर एकट्यानं बोलू नका. आठ-दहा जणांच्या एकाच दिवसाच्या चिठ्ठ्यांची झेरॉक्स दरपत्रकाला जोडून द्या. एवढ्यावर वसुली जाग्यावर येते.

9. वर दाद कुठं मागायची

मुख्याधिकाऱ्यानं ऐकलं नाही तर जिल्हाधिकारी. 1965च्या अधिनियमातल्या कलम 308खाली बेकायदेशीर किंवा लोकहिताविरुद्ध ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी स्थगित करू शकतात. अर्जात हे कलम लिहाच, नाहीतर अर्ज "योग्य कार्यवाहीस्तव" असा शेरा घेऊन पुन्हा मुख्याधिकाऱ्याच्याच टेबलावर येतो. लोकशाही दिन जिल्ह्याला महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण अर्ज आधी ठरल्या नमुन्यात द्यावा लागतो. त्या दिवशी नुसतं जाऊन उभं राहून उपयोग नाही.

पथविक्रेत्यांसाठी तक्रार निवारण समितीची तरतूद आहे, तिच्यावर माजी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी अध्यक्ष असतात. तुमच्या भागात ती नेमली आहे का ते लेखी विचारा. नसेल, तर ते उत्तरच पुढं कामी येतं.

शेवटचं दार उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. खर्चाला घाबरून लोक तिथवर जात नाहीत. पण तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. नागपूरला उच्च न्यायालयाची स्वतंत्र विधी सेवा समिती आहे, तालुक्याहून प्रकरण तिकडं पाठवता येतं. जाताना फाइल घेऊन जा. वकील पहिल्यांदा ठरावाची नक्कल मागतो, मग आवक शिक्का असलेली हरकत, मग जप्तीची यादी.